धूर दिसला की

आमच्या दीपनगरच्या माणसांना एक सवय आहे. बाहेरगावाहून परतताना कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसली की आधी धूर बघायचा, आणि धूर असला तर म्हणायचं, "चालू शे." लग्नाहून येणारे म्हणतात, दवाखान्यातून येणारेही म्हणतात. माझे वडील, आबा, एसटीत डुलकी लागली असली तरी नेमके त्या वळणावर जागे होतात. ते तिथे कंत्राटी कामगार. वीज बनवणारे संच बंद, तर त्यांचा रोजही बंद.

अशा घरातून मी जळगावला कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध आणि जागतिक शाश्वतता शिकायला गेले. हे शिकून पोरगी करणार काय, असं शेजारच्या अक्कांनी विचारलं, तेव्हा आबांनी परस्पर सांगून टाकलं, "देशदेशनी भांडनं सोडावस ती." मला हसूही आलं आणि जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या वर्षी वर्गात लुटुपुटूची हवामान परिषद भरली. चिठ्ठ्या टाकून देश वाटले. मैत्रिणीला तेलात लोळणारा देश आला, मला समुद्रात बुडत चाललेलं बेट. समुद्र मी तोवर पाहिलासुद्धा नव्हता. ठराव मला मांडायचा होता: कोळशावरची वीज बंद करा, आणि सुरुवात जुन्या संचांपासून करा. मुदत नसलेल्या मागणीला कुणी विचारत नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून शेवटी मी एक सालही घातलं.

वाचत गेले तसं बेटाचं म्हणणं मला खरोखर पटत गेलं आणि तिथेच माझी झोप उडाली. जुने संच म्हणजे कोणते, हे आमच्या दीपनगरच्या घराच्या खिडकीतून दिसत होतं. मला एका जागी बसवेना. मेहरूण तलावाच्या काठाने मी भाषण पुटपुटत अशी चालायचे, की फिरायला आलेली माणसं बाजूला सरायची. विषय काय आहे, असं आबांनी विचारलं तेव्हा मी "समुद्र" एवढंच सांगितलं.

परिषदेच्या दिवशी भाषण अर्ध्यावर आलं आणि शेवटच्या बाकावर आबा दिसले. न सांगता आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढचंच वाक्य जुन्या संचांचं होतं. गाळावं का? सगळे वाट बघत होते. मला आबांचा राग आला, मग माझा, मग त्या चिठ्ठीचा. पण बेटावरच्या माणसांचं घर खरंच पाण्यात जात होतं. मी वाक्य वाचलं, जरा जास्तच मोठ्याने. सालापर्यंत पोचायच्या आत वेळ संपल्याची घंटा वाजली. ठराव मंजूर झाला. आबांनीही सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या.

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. मी खिडकी उघडत होते, लावत होते. भुसावळ मागे पडलं, वळण आलं, चिमणी दिसली. धूर होता. आबा जागे होते, तरी गप्प. शेवटी मीच म्हणाले, "चालू शे, आबा."

"हं," ते म्हणाले. "आते किती दिन, ते तू सांग."

टोमणा असता तर मी भांडले असते. पण ते खरंच विचारत होते, शिकलेल्या पोरीला विचारावं तसं. मी त्यांना माझ्या ठरावातलं साल सांगितलं. हा नुसता वर्गातला खेळ आहे, तिथे कुणी आपलं ऐकत नाही, असंही सांगितलं. ते त्यांच्या कानावर गेलं नसावं. ओठ हलवत ते मनाशी वर्षं जुळवत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"मंग काय नही," ते म्हणाले. "तवलोंग तुन्हं शिक्षन व्हई जाई."

आमचा थांबा अजून लांब होता. मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले.