काट्यावरचं लक्ष

जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार सोलून काढायची आणि नवी तार भरायची, हा त्याचा जन्माचा धंदा. गल्लीत त्याला सगळे वाइंडर म्हणत. खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण तीही ‘अहो’वर भागवायची. पाण्याचे पंप, छताचे पंखे, गिरणीच्या मोटरी, जे जळेल ते त्याच्या दुकानात यायचं, आणि आणणारा बहुतेक वेळा म्हणायचा, “आपोआप बंद होतं हो ते.” त्यामुळे ‘आपोआप’ या शब्दावर त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता. आपोआप फक्त गंज चढतो, असं तो म्हणे.

त्याची गाडी निळी होती. मुलगा पाळण्यात असताना घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि आता मुलाला टक्कल पडू लागलं तरी चालत होती. तिचं दुखणं एकच, ती तापायची. रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन पळालं की पंखा पळणार, इंजिन रांगलं की पंखा रांगणार. गर्दीत किंवा चढावर, म्हणजे जिथे वाऱ्याची खरी गरज, नेमका तिथेच तो अंगचोरपणा करायचा.

तापमान दाखवणारा मूळ काटा पहिल्याच वर्षी मेला होता. वाइंडरने एका पंपाच्या इंजिनावरचा गोल काटा आणून बसवला. इंजिनापासून काट्यापर्यंत येणारी त्याची तांब्याची बारीक नळी आखूड पडली, म्हणून काटा शेजारच्या सीटपुढे, बायकोच्या गुडघ्यांसमोर आला. तेव्हापासून त्याच्याकडे बघायचं काम तिचं झालं. तिला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

“किती?” तो समोर बघत विचारायचा.

“लाल पट्टीच्या अलीकडे.”

“आता?”

“टेकला.”

टेकला म्हटलं की तो भर उन्हाळ्यात गाडीतला हीटर चालू करायचा, म्हणजे इंजिनाची थोडी धग आत यायची आणि इंजिनाऐवजी हे दोघं शिजायचे. तेवढ्यावर भागलं नाही तर गाडी कडेला, बॉनेट वर. अशी तीसेक वर्षं गेली. तिने कधी कुरकुर केली नाही असं मुळीच नाही. भरपूर केली. पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग तो घाट आला. पलीकडच्या गावात तिच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन होतं आणि तिला आत नेण्याआधी हिला भेटायचं होतं. अर्ध्या चढावर ती म्हणाली, “टेकला.” तो म्हणाला, “एवढं एक वळण जाऊ दे.” त्या वळणावर पाण्याचा पाइप फुटला. थोरली आत गेली तेव्हा धाकटी रस्त्याकडेच्या दगडावर दरीला पाठमोरी बसून वाफ निवायची वाट बघत होती. थोरली वाचली, बरीही झाली. पण ही परतताना बसने आली, चपला काढल्या आणि म्हणाली, “मी त्या गाडीत पुन्हा बसणार नाही.”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो घाबरला.

त्यानंतर ती बहिणीकडे बसने जाऊ लागली. बस घाट टाळून लांबच्या रस्त्याने जायची. एकट्याने गाडी चालवताना त्याच्या तोंडून दोनदा “किती?” निघून गेलं, आणि शेजारी कुणीच नव्हतं. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, विकून टाका ना ती.” तो म्हणाला, “मग मलाही सोबत वीक.” विकायची नव्हती. तिला परत त्या सीटवर बसवायचं होतं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर फुंकर घालण्यासाठी अख्खी यंत्रणाच उभारायला बसला. भंगारवाल्याकडून त्याने एका नव्या गाडीचे जोडपंखे आणले. मोटरी उघडून कार्बन बदलले, बेअरिंगला ग्रीस भरलं. जुना पंखा काढून हे दोन्ही रेडिएटरला चिकटून बसवले, भोवती पत्र्याचा घेर केला. एवढा भार गाडीची वीज तयार करणाऱ्या जुन्या अल्टरनेटरला झेपणार नाही म्हणून मोठा बसवला. बॅटरीपासून जाड तार ओढली, बॅटरीला लागूनच फ्यूज घातला आणि प्रत्येक पंख्याला चालू-बंद करणारा वेगळा रिले दिला. रेडिएटरमध्ये तापमानाचा स्विच बसवला. पाणी तापलं की पहिला पंखा लागणार, आणखी तापलं तरच दुसरा. दोन्ही एकदम लागले तर हेडलाइट मान टाकतात.

“काका, एवढ्या तारेत अख्ख्या गल्लीची वायरिंग झाली असती,” शेजारचा मेकॅनिक म्हणाला.

“गल्ली घाट चढत नाही,” वाइंडर म्हणाला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा रेडिएटरसमोर धरलेला कागद उडून मेकॅनिकच्या तोंडावर गेला. पंखा उलटा फिरत होता. आयुष्यभर मोटरी भरलेल्या माणसाने दोन तारांची अदलाबदल करावी, याचं मेकॅनिकला फार सुख झालं. तारा बदलल्यावर कागद जाळीला घट्ट चिकटला.

मग त्याने बायकोला खाली बोलावलं. इंजिन उभ्या उभ्या तापू दिलं. खट् असा आवाज झाला, पंखा घोंघावला आणि जरा वेळाने स्वतःच बंद झाला. ती गाडीच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. “बरंय,” ती म्हणाली, आणि दार उघडून चक्क बसली. वाइंडर धावतच दुसऱ्या बाजूने आत शिरला.

“हे काय?” काट्याखालच्या नव्या लाल बटणाकडे बोट दाखवून तिने विचारलं.

“ते होय? समजा आपोआप नाही लागला, तर तू काटा टेकला की दाबायचं. बस्स.”

“म्हणजे बढती झाली माझी,” ती म्हणाली. “आधी नुसतं बघायचं होतं, आता दाबायचंही.”

ती उतरली. दार तिने हळूच लावलं.

चांगलं करायला जावं तर हे, असं तो बराच वेळ स्वतःशी पुटपुटत राहिला. मग बटणाची तार काढून टाकावी म्हणून तिच्या सीटवर जाऊन बसला. इतक्या वर्षांत तो या सीटवर कधी बसला नव्हता. स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. मान खाली घातल्याशिवाय काटा दिसत नव्हता. काही मिनिटांतच मानेच्या शिरा ओढायला लागल्या, आणि त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने विजेवर चालणारा काटा आणला. त्याला नळी लागत नाही, तार लागते, आणि तार हवी तेवढी लांब घेता येते. जन्मभर तारेत हात घातलेल्या माणसाला हे सुचायला एवढी वर्षं लागली होती. काटा स्टिअरिंगमागे, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर आला. एका दुपारचं काम होतं. बटण गेलं, भोकावर रबरी बूच बसलं.

“बटण काढलं. काटा माझ्याकडे घेतलाय,” जेवताना तो म्हणाला.

ती जेवत राहिली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “रविवारी ताईकडे जायचंय. बसला गर्दी असते.”

घाटाच्या तोंडाशी एक मालवाहू ट्रक पुढे आडवा आला आणि गाडी रांगायला लागली.

“किती?” त्याच्या तोंडून निघालंच.

“मला काय विचारता? तुमच्यासमोर आहे.”

काटा चढत होता. लाल पट्टीच्या बऱ्याच अलीकडे खट् झालं, पंखा घोंघावला, काटा थबकला आणि उतरू लागला. शाबासकीच्या आशेने त्याने बायकोकडे पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. ती खिडकीची काच खाली करून दरीत बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “ही नदी कधी झाली इथे?”

“नदी? पहिल्यापासून आहे.”

“या रस्त्याला?”

“हो. घाटभर असते सोबत.”

त्याने ती दर खेपेला पाहिली होती. त्याने गाडी कडेला घेतली.

ती दचकली. “तापली का?”

“नाही,” तो म्हणाला. “तू बघ.”