मांजर चावलं ते आबांना सांगितलं नाही

आमच्या इंदापूर भागात कुणाच्या हातावर ओरखडा दिसला तर कोणी कारण विचारत नाही. उसात जायचं म्हटल्यावर पाला कापणारच. म्हणून तर आईचं खोटं खपलं.

गोठ्यामागच्या कडब्यात एक भटकी मांजरी व्यायली होती. आई तिला चोरून दूध घालायची, कारण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मांजरं डोळ्यांसमोर नकोत. आधीची एक त्यांनी पोत्यात घालून निमगाव केतकीच्या पलीकडं सोडून दिली होती. मी तेव्हा माहेरी आले होते. कडबा काढायचा होता म्हणून आई पिल्लं हलवायला गेली आणि मांजरी तिच्या मनगटाला चावली. दोन बारीक टिपके, रक्तसुद्धा धड आलं नाही. आईनं हळद दाबली आणि म्हणाली, "आबांना सांगू नगंस. पिल्लांसकट पोत्यात घालत्याल तिला."

मला गंमत वाटली. मीही मोठी शहाणी, हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हात सुजला, काखेत अवधाणाची गाठ आली. आईला साखरेचा आजार होता. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? आबा शेजारीच उभे. आदल्या दिवशी त्यांनीच तिला उसात वैरणीला पाठवलं होतं. "उसाचा पाला लागला," आई म्हणाली. मी खाली बघत राहिले.

चौथ्या दिवशीही ताप उतरेना, ती बरळायला लागली, तेव्हा बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंना मी जिन्यात गाठून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मांजराच्या दातातले जंतू खोल जातात आणि वरून जखम मिटते. औषध लगेच बदललं, पण विष रक्तात भिनलं होतं. दोन दिवसांनी आई गेली.

भेटायला येईल त्याला आबा एकच सांगायचे, "म्याच तिला उसात धाडली." पुढं त्यांनी उसाकडं जाणंच सोडलं. मला ते बघवत नव्हतं, तरी तीन वर्षं तोंड उघडलं नाही. यंदा तिच्या श्राद्धाला पाहुणे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, निदान त्यांच्या उरावरचा धोंडा तरी उतरेल.

आबा म्हणाले, "म्हंजी माझ्या भ्यानं मेली व्हय ती."