मिहरान हे नाव कुणाचं?

तेहरानमधले अमेरिकी ओलीस सुटून जेमतेम वर्ष झालं होतं. मी अमेरिकेत पिस्कॅटवेला एमएस करत होते आणि एका आर्मेनियन म्हाताऱ्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. चांभारकाम करून त्यांचे हात राठ झालेले, आवाज त्याहून राठ. त्यांच्या मुलीला मुलगा झाला आणि त्यांनी जाहीर केलं, "माझ्या वडिलांचं नाव ठेवायचं. मिहरान."

जावयाला 'माइक' हवं होतं. म्हातारे मला म्हणाले, "पोरी, लायब्ररीतून बघून ये. आमचं अस्सल आर्मेनियन नाव आहे, हे याला पुस्तकातून दाखव."

पुस्तकात भलतंच निघालं. नावाचं मूळ इराणी! मिहर म्हणजे त्यांचा सूर्याशी जोडलेला देव, आपल्या वेदांतल्या मित्र देवाचा भाऊबंद. सुरेन, खोस्रोव, कितीतरी आर्मेनियन नावं तिकडचीच. सांगावं की गिळावं, तेच मला कळेना. पण रविवारी जेवताना जावयानेच विचारलं आणि मला खोटं बोलवलं नाही.

त्याने काटा ताटात आपटला. "इराणी? ओलिसांच्या वेळी माझे केस काळे म्हणून लोकांनी मला इराणी समजून गाडीची काच फोडली. आणि आता पोराला इराणी नाव?"

म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "किती जुनं आहे हे?"

"दीड हजार वर्षं तरी तुमच्याकडे आहे."

"मग झालं! दीड हजार वर्षं आमच्या आया या नावाने हाका मारतायत. आमच्या लोकांची कत्तल झाली, माझा बाप गाव सोडून पळाला, तेव्हा घर गेलं, शेत गेलं, नाव तेवढं बरोबर आलं. काच फोडणाऱ्यांना भिऊन मी ते टाकू?"

मलाही राहवलं नाही. म्हटलं, "आमच्याकडचं मिहिरही तिथूनच आलंय. पुण्यात कुणी त्याचा पासपोर्ट मागत नाही."

म्हाताऱ्यांची मुलगी बाळाला खांद्यावर घेत नवऱ्याला म्हणाली, "फॉर्म मी हॉस्पिटलातच भरलाय. मिहरान लिहिलंय. स्पेलिंग दोनदा तपासलं."

जावई आठवडाभर हट्ट धरून बसला. बाळाला माइक म्हणायचा, बायको ओ देत नसे. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन बाईंनी मान वाकडी करून विचारलं, "हे कुठलं हो नाव?"

"आमचं," जावई म्हणाला. जरा मोठ्यानेच.