रुसलेल्या मामांची नक्कल

मला टीव्हीवर पाहून हसलेले लोक विचारतात, पहिल्यांदा स्टेजवर उभं राहताना भीती वाटली होती का? अहो, स्टेजचं काय घेऊन बसलात! माझी बोबडी वळली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, अमरावतीला, भर दुपारी.

साठ सालानंतरची गोष्ट. टीव्ही तेव्हा आमच्याकडे कोणी पाहिलाही नव्हता. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि अकोल्याच्या गणपतीत नकला करायचो. सगळ्यात गाजलेली नक्कल लग्नात रुसलेल्या पाहुण्याची. आमच्याकडे नवरदेवाकडचं कोणी ना कोणी रुसतंच, मग मुलीच्या बापानं हातापाया पडून त्याला मनवायचं. घरोघरी हे भोगलेलं, म्हणून लोक पोट धरून हसायचे. बाबांना मात्र माझे हे चाळे बिलकूल खपत नसत. लग्नात तोंड उघडशील तर याद राख, असा दमच त्यांनी भरला होता.

नवरदेवाकडची मंडळी बाळापूरकडची, ट्रकानं आलेली. त्यांना आमच्या घरासमोरच्या शाळेत उतरवलं होतं. सकाळपासून मी बडनेऱ्याच्या स्टेशनावर पाहुणे आणायला गेलो होतो. परतलो, तर शाळेत नवरदेवाकडच्या पोरांनी मला घेरलं. अकोल्याला त्यांनी मला पाहिलेलं. नाही नाही म्हटलं, पण अंगात किडा होताच. उपरणं डोक्यावरून ओढलं, भिंतीकडे तोंड करून बसलो न् फुरंगटून म्हणालो, "मले नाई जेवाचं. चहा आधी त्याले काहून देल्ला?"

कोणी हसलं नाही.

उठून वळलो, तर दारात बाबा, त्यांच्या हातात नवरदेवाच्या मामांचा हात. सकाळी चहा आधी नवरदेवाच्या काकांना गेला म्हणून मामा खरोखरच रुसून बसले होते. बाबांनी त्यांच्या पायावर टोपी ठेवली, तेव्हा कुठे ते पंगतीला निघाले होते. पोरांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला नव्हतं. मामांनी हात सोडवून घेतला आणि आपल्या माणसांना सांगितलं की सामान ट्रकात टाका.

रस्त्यापलीकडे आमच्या खिडकीत बहीण उभी होती, अंगाला हळद लागलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. होतो तिथेच मी पुन्हा खाली बसलो, उपरणं तोंडावर आलं, आणि त्याच्याआड मी लहान पोरासारखा रडू लागलो. लोकांना वाटलं, नक्कल अजून चालूच आहे. कोणीतरी फिसकन हसलं. मी आणखीच घाबरलो. आता मार बसणार, लग्न मोडणार, बाबा जीव देणार, असं काय काय मनात येत होतं.

मामा आले. उपरणं उचलून त्यांनी माझं रडवेलं तोंड पाहिलं. मग बाबांकडे वळून म्हणाले, "आता याले कोण मनवन?"

सगळी शाळा हसली. मामांनी मला हाताला धरून पंगतीत शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं लाडू भरवला. संध्याकाळी लग्न लागलं.

पुढे टीव्हीवर मी हीच नक्कल केली. बहिणीच्या सासरी अख्खी गल्ली जमली होती. म्हातारे मामा सगळ्यांच्या पुढे बसून खो-खो हसले म्हणे. तुला कशी वाटली, मी बहिणीला विचारलं.

"मी नाई पाह्यली, दादा," ती म्हणाली. "तू भिंतीकडे तोंड केलं न् मी उठून अंदर गेली. मले आजूनही वाटते, आता ट्रक निघन."