आधी चांगला कान

दादा गेल्याचा फोन मुरबाडहून आला. गुरुवार, म्हणजे त्याचा तिकडच्या दवाखान्याचा दिवस. "ताई, डॉक्टर टेबलावर मान टाकून बसलेत, हाक मारली तं उठत नाय," एवढंच तिथल्या सिस्टर बोलल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या कपाळावरचा गोल आरसा तसाच होता... बाहेर बाकावर पेशंट बसून होते. कोणीही घरी गेलं नव्हतं.

माझा हा थोरला भाऊ शहापुरात आणि मुरबाडात जन्मभर लोकांचे कान तपासत राहिला. त्याचे सोबती ठाण्या-मुंबईकडे जाऊन केव्हाच मोठे डॉक्टर झाले, हा मात्र इथेच मळ उपसत बसला, असं मी त्याला चिडवायचे. "तुझ्या कानात काही शिरत नाही, आधी तुझाच काढायला हवा," म्हणायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शहापूरच्या दवाखान्यात मदतीला बसू लागले आणि त्याची एक तऱ्हा रोज पाहायला मिळाली. पेशंट दुखरा कान पुढे करायचा आणि दादा म्हणायचा, "आधी चांगला कान." लोक वैतागायचे, त्यांना परतीची एसटी गाठायची असायची, पण हा हटायचा नाही. या माणसाचा धड कान कसा आहे ते पाहिल्याशिवाय बिघडलेला कसा ओळखू, असं त्याचं म्हणणं.

डोळखांबकडच्या एका पाड्यावरची पार्वतीबाय मला विसरता येत नाही. ती धवलारीण, लग्नात धवले गाणारी. तिच्याशिवाय त्या भागात लग्न पुरं झाल्यासारखं वाटत नसे. तिचा उजवा कान बंद झाला होता. गायला लागली की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायचा, सूर सापडायचा नाही. आलेली बोलावणी ती परत पाठवू लागली होती. दादाने विचारलं, "काय झालं बाय?"

"झोडणीच्या टायमाला भाताचा दाणा गेला कानान," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "तो रुजला. बोट घातलं का कोंब लागतो."

कोंब वाढू नये म्हणून तिने डोक्यावरून पाणी घेणं सोडलं होतं, पावसात भाताची रोपं लावायला, आवणीलाही गेली नव्हती. मला हसू आवरेना, मी औषधांच्या कपाटाकडे तोंड फिरवलं. दादा हसला नाही. त्याने आधी डावा कान पाहिला, मग उजवा. बारीक सळईने आतली वाढ हलकेच चाचपली आणि म्हणाला, "कोंब मऊ असतो गो. ह्यो दगडासारखा लागतोय."

ती हाडाची गाठ होती. कानाच्या नळीत अशी गाठ क्वचितच होते. ती साधी असते, कुठे पसरत नाही. तरी एकाच कानात काही वाढलेलं दिसलं की ते दुसरं, वाईट काही नाही ना, याची खात्री करावीच लागते. ठाण्याला स्कॅन झालं, कल्याणच्या एका हॉस्पिटलात दादाने बारीक छिन्नीने गाठ काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत हा घरी जेवताना गप्प. आमटीत मीठ नव्हतं तेही त्याला कळलं नाही. गाठ साधीच निघाली, त्या दिवशी मात्र मिठावरून, चहावरून, सगळ्यावरून माझ्याशी भांडला, आणि मला बरं वाटलं.

पुढे कानातली पट्टी निघाली तेव्हा त्याने मला पंखा बंद करायला सांगितला. "गा बाय," म्हणाला. ती लाजली. मग डोळे मिटून हळू आवाजात गाऊ लागली... मधेच थांबली. "आता माझा आवाज भायेर जातो," म्हणाली. दादाने आरसा डोळ्यावर ओढून घेतला. तपासायचं काही उरलं नव्हतं. मी त्याला ओळखत होते.

आता शहापूरचा दवाखाना रिकामा करायचा आहे. माझा पाय निघत नाही. परवा मी तिथे आवराआवर करत असताना पार्वतीबाय आली. तिला बातमी उशिरा कळली होती. पेशंटच्या फिरत्या स्टुलावर जाऊन बसली, दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. सवयीने मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे.

"कंचा दाखवू, ताई?" तिने विचारलं. "आता दोनी चांगलेच हायेत."

मी उठून पंखा बंद केला.