जवळच्या फळीवरचं जुनं मॅटर

प्रेसवाल्या दोस्तांनो, आज सकाळी पोरीनं मले नकळत उघडं पाडलं.

ती घरूनच वेबसाइट बनवायचं काम करते. दोन दिवस एक पान बदलून राहिली होती, तरी जुनंच दिसे. सोबत काम करणाऱ्या स्नेहलवर जाम चिडली. आज कारण सापडलं.

"बाबा, वेबसाइट चालवणारं फ्रेमवर्क पानाचं टेम्प्लेट, म्हणजे साचा, शोधताना ठरलेल्या क्रमानं एकेक फोल्डर पाहते. पहिल्यातच फाइल भेटली तर पुढं पाहतच नाही. त्या पहिल्या फोल्डरात मीच जुनी कॉपी ठेवून विसरली होती."

तिनं लगेच फोन लावला. "स्नेहल, चूक माझी होती वं. तुले उगाच बोलली."

मले एकोणऐंशी साल आठवलं. महाल भागातल्या आमच्या प्रेसमध्ये शामराव खिळे जुळवायचे. एका लग्नपत्रिकेचं मॅटर, म्हणजे खिळ्यांतला मजकूर, त्यांनी तारीख दुरुस्त करून नव्यानं जुळवून दिलं. ते नवं मॅटर मी मागच्या फळीवर ठेवलं आणि जुनं मशीनजवळच्या फळीवरच राहू दिलं. मशीनवाल्यानं जवळचं उचललं. सगळ्या पत्रिका चुकीच्या तारखेनं छापल्या गेल्या.

तारीख दुरुस्तच केली नाही असं समजून मालकानं शामरावांले कामावरून काढलं. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

दर दिवाळीले शामरावांचा खामल्याहून फोन येतो, "बरा आहेस ना गा?" मी म्हणतो, बरा आहे.

पोरीले कबूल करायला एक मिनिट लागलं. मी सकाळपासून त्यांचा नंबर काढून बसलो आहे. सांगा, सुरुवात कशी करू?