टीव्हीत शिरलेले वानर

“हाऽऽड्! हाड् मेल्यांनो! उतरा खाली!”

काका ओरडत होते. काकांचा आवाज असा की ते पूर्णगडला शिंकले तर मालगुंडची माणसं ‘शतायुषी’ म्हणतात. हातात आंबे उतरवायचा झेला. त्याची जाळी थेट टीव्हीवर रोखलेली आणि काठीचं मागचं टोक अजून ओटीवरच होतं, एवढा लांब.

“अहो, ते टीव्हीत आहेत!” काकी म्हणाली.

“टीव्हीत पण शिरले?”

दोष काकांचा नव्हता. ते जेवून ओटीवर आडवे झाले होते. डोळा उघडला तर माजघराच्या भिंतीवर हिरवंगार रान, आणि त्यातल्या झाडांवर केसाळ अंगाची, कमरेइतकी उंच मंडळी इकडून तिकडे उड्या मारतायत. टीव्ही माझ्या चुलतभावाने मुंबईहून नुकताच पाठवलेला. तो आत घ्यायला घराचा एक खांब सरकवावा लागला, असं मी सगळ्यांना सांगते. दोन खिडक्यांच्या मधे टांगल्यामुळे तो तिसरी खिडकीच वाटायचा.

आणि वानरांशी काकांचं जुनं युद्ध. कुंपणाला लागून रायवळ आंब्याचं एक झाड आहे, आमच्या घराच्या तिप्पट उंच. फळ आंबट, विकायला निरुपयोगी. त्यावर वानरांचा कळप झोपतो आणि उठला की काकांच्या हापूसच्या कलमांवर न्याहारीला येतो. काकांनी फटाके लावले, पत्रे वाजवले, एकदा म्हणे भाषणसुद्धा केलं. शेवटी यंत्राची करवत असलेल्या माणसाला सांगून ठेवलं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन रायवळ आडवा करणार होता.

काकी चार दिवस एवढंच म्हणत होती, “राहू दे ते झाड.” का, ते ती सांगत नव्हती आणि काका विचारत नव्हते. घरात ‘वाढलंय’ आणि ‘पुरे’ या दोनच शब्दांवर संसार चालला होता.

अशा दुपारी मी तो सिनेमा लावला. त्यात माझा काही डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगते. शपथ कोणाची ते विचारू नये. आकाशातल्या लढायांचे ते जगप्रसिद्ध सिनेमे आहेत ना, त्याच गोतावळ्यातला हा एक, टीव्हीसाठी काढलेला, लढाया कमी आणि रान जास्त, घरच्यांनी मिळून बघायचा. कुठल्याशा ग्रहाच्या चंद्रावर एका कुटुंबाचं यान कोसळतं. आईबाप हरवतात. उरतात दोन भावंडं, आणि झाडांवर घरं बांधून राहणारी ती केसाळ मंडळी त्यांना आईबापांच्या शोधात मदत करतात. इंग्रजीचं मराठी मी करत होते. जिथे मला कळत नव्हतं तिथे जरा जास्तच छान करत होते.

“म्हणजे हे वानर भले आहेत?” काका.

“वानर नाहीत हो ते. तिथली माणसंच,” मी म्हणाले.

काका झेला मांडीवर आडवा घेऊन जमिनीवर बसले. “एवढं बघून उठतो,” म्हणाले. उठले नाहीत.

खिडक्यांना ओले पंचे लावलेले होते. खोलीभर आढीतल्या आंब्यांचा वास होता आणि खाली खाडीचं पाणी इतक्या हळू हलत होतं की तेही बहुतेक जेवून आलं असावं. पडद्यावरचा हिरवा उजेड काकीच्या पातळावर सांडला, तिथून माझ्या पायांवर आला. मला डुलकी लागली. डुलकीतसुद्धा सिनेमा चालूच होता. फक्त तो चंद्र आमच्या कुंपणाबाहेर उगवला होता आणि ती भावंडं आमच्याच कलमांखालून चालली होती, पाचोळ्याचा जराही आवाज न करता. मी डोळे किलकिले केले तर पंच्यांच्या फटींतून वानर गजांना धरून सिनेमा बघत होते. सात होते. खरं तर चाळीस होते. एकीच्या पोटाशी पिल्लू होतं, आणि यान कोसळलेलं पुन्हा दाखवलं तेव्हा तिने त्याचे डोळे झाकले.

पडद्यावर धाकटी पोर एका उंच झाडाच्या शेंड्याशी पोचली होती.

“दोर बरा बांधलाय हो,” काका म्हणाले. “पण पोरीला एवढ्या वर कशाला नेतात?”

“तिथून दिसतं,” काकी म्हणाली.

“काय दिसतं?”

“घर.” काकीची नजर पडद्यावरच होती. “रायवळाच्या तिसऱ्या फांदीवरून खाडीपलीकडचे माड दिसतात. आमचे. माहेरचे. लग्न होऊन आले तेव्हा रोज चढायची.”

काकांनी झेला बाजूला ठेवला. माजघरात फक्त त्या केसाळ मंडळींचं गाणं चाललं होतं, पाण्याखालून यावं तसं.

“तू कैऱ्यांसाठी चढायचीस ना?”

“कैऱ्या खालूनही मिळतात.”

पन्नास वर्षांच्या संसारात काका पहिल्यांदाच सरकून काकीच्या शेजारी बसले. शेवटी भावंडांना आईबाप भेटले. काकी पदराने डोळे पुसून ‘घाम’ म्हणाली. पंच्यांच्या फटी रिकाम्या होत्या.

संध्याकाळी करवतवाल्याचा फोन आला. उद्या सातला येऊ का, विचारत होता. काका अंगणात उभे राहून रायवळाकडे बघत होते. वानर एकेक करून वर चढत होते, आपापल्या फांदीवर, शिस्तीत. काकी दारात ताटकळलेली.

“उद्या नको,” काका फोनवर म्हणाले, त्यांच्या मानाने कुजबुजतच; पलीकडच्या गावात फक्त दोन कुत्री उठली.

“मग कधी यायला सांगताय त्याला?” काकीने विचारलं.

“गणपती होऊन जाऊ देत. बघू.”